जास्तीची चार पॅनेलं

सोमवार, ४

कामाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. पुढून कवळ्यांची नोंद: कुणाची, वरची की खालची, दातांची छटा कोणती, द्यायची कधी. मागून आजपासून घरची नोंद. लिहून काढलं की डोकं जागेवर राहतं, असा माझा अनुभव आहे.

वादळात मोठ्या लाईनचे दोन मनोरे आडवे झाले त्याला आज अकरा दिवस झाले. वीज कचेरी म्हणते दोन महिने लागतील. तोवर दिवसाला चार तास वीज, आणि ते चार तास कुठले हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. आपल्या गच्चीवर सहा वर्षांपूर्वी बसवलेली चार पॅनेलं आहेत आणि जिन्याखाली बॅटरी. ती घेतली तेव्हा घासायची मोटर, दिवे, पंखा, फ्रिज एवढाच बेत होता. अक्काचं ऑक्सिजनचं यंत्र त्या हिशोबात नव्हतं. ते गेल्या वर्षी आलं. हवेतून प्राणवायू गाळून नळीने नाकात सोडतं, रात्रंदिवस चालू हवं, आणि एका मोठ्या पंख्याच्या चौपट वीज खातं.

काल संध्याकाळी सात वाजता बॅटरी वीस टक्क्यांवर आली आणि इन्व्हर्टरने मान टाकली. अक्काला लगेच सिलिंडर लावला, तो अशा वेळेसाठीच आहे. पण गरम पाण्याच्या टाकीत एक कवळी शिजत होती, ती अर्धी कच्ची राहिली. पांढरट, बुडबुड्यांची. फेकून द्यावी लागली. अंधारात मी काहीबाही बोललो असेन, पण ते अक्काला उद्देशून नव्हे. आपलं स्वतःशीच.

ठरलं. पॅनेलं वाढवायची.

यापुढे रोज संध्याकाळी सातला दोन आकडे लिहायचे. एक जिन्याखालच्या बॅटरीचा, एक अक्काच्या बोटाला लावायच्या चिमट्याचा. दोन्ही टक्क्यांतच आहेत, सोयीचं आहे.

बॅटरी २२. अक्का ९३.

बुधवार, ६

पॅनेलवाला येऊन गेला. प्रत्येक वाक्यात ‘झटपट’ म्हणतो. वर गेला, खाली आला, चहा प्याला, म्हणाला, “काका, झटपट काम आहे. आहेत त्या चाराच्या रांगेला आणखी दोन जोडून देतो. अर्ध्या तासात मोकळे.”

आतल्या खोलीतून अक्का म्हणाली, “त्यांना विचार, भिंतीवरच्या डब्याला तेवढं झेपतं का?”

तो हसला. “आजी, सूर्य काय कुणाला जास्त होतो का?”

“उन्हात उभं राहून बघा तासभर, मग सांगा,” अक्का म्हणाली.

त्याने डब्याकडे, म्हणजे इन्व्हर्टरकडे, बघितलंसुद्धा नाही. मला पटलं नाही, पण दुसरा माणूस कुठून आणायचा? सगळं गाव पॅनेलवाल्यांच्या मागे लागलेलं आहे.

एक चांगली गोष्ट. बॅटरी आज चांगली टिकली. काल रात्री मी घरातल्या तीन दिव्यांच्या जागी लहान दिवे लावले होते, त्याचा परिणाम इतका लगेच दिसेल असं वाटलं नव्हतं.

बॅटरी ३७. अक्का ९२.

शुक्रवार, ८

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पॅनेलचं काम करणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं होतं, त्या आज आल्या. वय चाळिशीचं. खांद्यावर पट्ट्याची पिशवी, हातात शिडी. माझी नजर आधी दातांवर जाते, त्याला इलाज नाही. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला. वायर सोलायला दात वापरतात, हे मी ओळखलं. म्हटलं, “याला टोपी करून देतो मी, छटा जुळवून.”

“नको हो दादा,” त्या म्हणाल्या, “त्या खाचेतच वायर बरोबर बसते.”

भिंतीवरच्या डब्याच्या बुडाशी एक लेबल आहे हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. बाई जमिनीवर पालथ्या झोपल्या, आरसा आणि टॉर्च धरून ते लेबल त्यांनी अक्षर अन् अक्षर वाचून काढलं. मग गच्चीवर चारही पॅनेलांच्या पाठी वाचल्या. मग खाली येऊन अक्काच्या खोलीत स्टूल ओढून बसल्या आणि आम्हाला दोघांनाही सांगितलं. नुसतं मला नाही, दोघांनाही.

पॅनेलं एकामागे एक जोडली की त्यांचा दाब एकमेकांत मिळवत जातो. चार पॅनेलांचा दाब डबा सोसतो, सहांचा नाही. “त्यातून थंडीच्या सकाळी पॅनेलं जास्त जोर करतात. तुमच्या त्या झटपटने जोडलं असतं ना, तर एखाद्या लख्ख सकाळी हा डबा जळून गेला असता. मग सहाही पॅनेलं असून नसल्यासारखी.”

“मी विचारलं होतं त्याला,” अक्का म्हणाली.

“बरोबर विचारलंत. कुठे काम करत होता तुम्ही?”

“सूतगिरणीत. पस्तीस वर्षं. तिथे एका मोटरवर दोन यंत्रं चढवणारे पुष्कळ बघितले.”

बाईंचा उपाय असा: नवी चार पॅनेलं, पण जुन्यांच्या रांगेत नाहीत. त्यांचा स्वतःचा वेगळा चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीला किती द्यायचं ते ठरवणारा छोटा डबा, आणि तो थेट बॅटरीला. जुनी पूर्वेकडे तोंड करून आहेत, नवी पश्चिमेकडे करायची. सकाळ त्यांची, दुपारनंतरची यांची. ऐकताना इतकं सोपं वाटलं, की हे आपल्याला का सुचलं नाही असं वाटावं. चांगल्या कारागिराची खूण हीच.

फक्त त्यांच्याकडे पंधरा दिवसांची रांग आहे. थांबू म्हटलं. बॅटरी तशीही आता दम धरते आहे.

बॅटरी ४१. अक्का ९१.

सोमवार, ११

बाईंनी जाताना मला अभ्यास दिला होता: सुट्टीच्या दिवशी गच्चीवर दर तासाला सावलीची रेघ खडूने मारायची. काल मी दिवसभर तेच केलं. पाण्याच्या टाकीची सावली दीड वाजल्यापासून चौथ्या पॅनेलच्या कोपऱ्यावर चढते. हातरुमालाएवढी सावली. फोनवर सांगितलं तर बाई म्हणाल्या, “तेवढी पुरते, दादा. रांगेतल्या एकाचा पाय दुखला की सगळेच हळू चालतात.” सहा वर्षं ती सावली पडत होती आणि मी रोज तिच्याच शेजारी उभा राहून कपडे वाळत घालत होतो!

आज अकरा ते दोन नेहमीची फेरी. चार दवाखान्यांत कवळ्या पोचवल्या, नवीन साचे घेतले. परत आलो तर अक्का डोळे मिटून पडलेली. म्हणाली, उन्हं आल्यावर झोप लागते. जेवण अर्धंच.

बोटाचा आकडा जरा कमी येतो आहे. मी दोनदा लावून बघितला. “बोटं गार आहेत माझी,” अक्का म्हणाली, “गार बोटाला ते खोटंच सांगतं. डॉक्टरच म्हणाले होते.” म्हणाले होते खरं. उद्यापासून आधी तिचे हात चोळून मग चिमटा लावायचा.

घराला शिस्त लागली की काय होतं ते बॅटरीवरून दिसतंय. फ्रिजचं दार मी दिवसातून फक्त चारदा उघडतो.

बॅटरी ४६. अक्का ९० (हात चोळून).

बुधवार, १३

बाई आज पाच मिनिटांसाठी आल्या होत्या आणि तासभर थांबल्या. काम होतं ते एवढंच, की भिंतीवरच्या डब्याच्या पोटात गेल्या महिन्याची नोंद असते, घरात कुठल्या वेळी किती वीज लागली याची. ती त्यांनी फोनवर उतरवून घेतली. डोंगर-दऱ्यांसारखी रेघ. बराच वेळ त्या ती रेघ बोटाने सरकवत बसल्या.

“दादा, दुपारी अकरा ते दोन इथे भार एकदम खाली जातो.”

“मी फेरीवर असतो तेव्हा. माझी मोटर बंद असते.”

“सकाळीही तुमची मोटर नाहीये यात, तरी भार आहे.” मग फोनवरून नजर काढून, “दुपारी घरी कोण असतं?”

“अक्का. आणि तिचं यंत्र.”

“यंत्र चालू असतं?”

“असतंच की. ते बंद ठेवून कसं चालेल?”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन खिशात ठेवला. मी तोवर सावलीच्या रेघांचा कागद शोधत होतो, तो त्यांना दाखवायचा होता.

कागद घेऊन आलो तर बाई अक्काच्या खोलीत, दार लोटलेलं. आधी अक्काच्या हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच नाही. बायकांच्या गप्पा, मी कान दिला नाही. एक वाक्य तेवढं कानावर पडलं, अक्काचं: “त्याचं काम बंद पडायला नको.” पॅनेलं बसवताना माझ्या कामाचा खोळंबा होईल म्हणून तिला काळजी. ती अशीच आहे. आई गेली तेव्हा मी सहाचा आणि ती अठराची, दुसऱ्या महिन्यात ती गिरणीत लागली, आणि मला हा हुन्नर शिकायला पाठवलं तेही तिनेच.

बाहेर आल्यावर बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पंधरा दिवस नाही, काम परवाच सुरू करू. एका बंगल्याचं काम त्या पुढे ढकलणार आहेत. माझ्या सावलीच्या रेघा बघून त्यांना बरं वाटलं असावं, इतकी नीट नोंद करणारं गिऱ्हाईक क्वचितच मिळत असेल. दुसरी, “उद्याचा दिवस दुपारी घरीच थांबता का?” म्हटलं, उद्या शक्य नाही, तीन कवळ्या द्यायच्याच आहेत. त्यांनी अक्काच्या दाराकडे बघितलं. अक्का आतून म्हणाली, “जाऊ दे त्याला. मी शब्द दिलाय ना तुला?”

कसला शब्द, विचारलं तर बाई चपला घालायला लागल्या.

बॅटरी ५१. पन्नाशी ओलांडली! अक्का ८९.

गुरुवार, १४

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

पहिलाच दवाखाना बंद होता. दुसऱ्याने साचे दिले नाहीत. सव्वाबाराला मी परत दारात होतो. कुलूप काढताना काहीतरी वेगळं वाटलं, काय ते कळेना. आत आलो आणि कळलं. यंत्राची घरघर नव्हती.

अक्का पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हातांनी कड घट्ट धरलेली, खांदे वर चढलेले. ओठांचा रंग शाईच्या डागासारखा. नळी उशीवर नीट गुंडाळून ठेवलेली. मला बघून तिने हसायचा प्रयत्न केला, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

बटण दाबलं. नळी लावली. बोट ७८.

डॉक्टर वीस मिनिटांत आले. ती वीस मिनिटं मी तिची पाठ धरून बसलो होतो. दोन तासांनी आकडा नव्वदच्या आत-बाहेर आला. डॉक्टर जाताना बाहेरच्या खोलीत म्हणाले, “हे आजचं नाही. आठवडाभर चाललेलं दिसतंय. आणखी चार दिवस गेले असते तर मला बोलवायचा उपयोग झाला नसता.”

मी आत जाऊन विचारलं, “का?”

“तू बाहेर गेलास की तीन तास. तेवढीच बचत.” दोन शब्द, श्वास, दोन शब्द, असं ती बोलत होती. “बसून राहिलं की निभतं. काल तिला शब्द दिला होता मी, चालू ठेवेन म्हणून. मग म्हटलं, एकच दिवस उरलाय. रात्री तुझ्या कवळ्या व्हायच्या आहेत.”

“माझ्या कवळ्यांचं कुणी सांगितलं तुला?”

“तूच. दिवा गेला त्या दिवशी. म्हणालास, हे असं असेल तर आता धंदा बंदच करावा लागणार.”

मला आठवत नाही. पण मी म्हणालो असणार. अक्का ऐकलेलं खोटं सांगत नाही.

मी रागावलो नाही. “ओरड की,” तीच म्हणाली, “बरं वाटेल तुला.”

मघाशी मागची पानं उलटली. बॅटरी २२, ३७, ४१, ४६, ५१. अक्का ९३, ९२, ९१, ९०, ८९. दोन्ही माझ्याच अक्षरात, शेजारी शेजारी. एका दाताची उंची केसभर चुकली तर मला अंधारातही बोटाला कळते. आणि हे मी रोज सातला स्वतःच्या हाताने लिहीत होतो, वर उद्गारचिन्ह!

बॅटरी आज पाहिली नाही.

शुक्रवार, १५

सकाळी साडेसातला बाई हजर. सोबत त्यांची जाऊ. दोघी मिळून काम करतात, घरचं आणि बाहेरचं. “पटतं का तुमचं?” अक्काने पडल्या पडल्या विचारलं. जाऊ म्हणाली, “छतावर पटतं. तिथे एकीने दोर सोडला तर दुसरी पडते ना!”

मी बाईंना गच्चीवर एकटं गाठून कालचं सांगितलं. त्या हातातला पाना खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला परवा रेघेवरून कळलं होतं, दादा. यंत्र बंद झाल्याशिवाय तेवढा भार खाली येत नाही. अक्कांनी शब्द दिला, तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या, मी मानलं. चुकलं माझं. तुम्हाला सांगायला हवं होतं.”

सरळ. पुढेमागे काही नाही. चूक झाली की माझ्या धंद्यात लोक साच्याला दोष देतात, डॉक्टरला देतात, पेशंटच्या हिरड्यांना देतात. रात्रभर मी मनात त्यांच्याशी भांडायची वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही उरलं नाही. मला म्हणावंसं वाटलं, की तुम्हाला एका रेघेवरून कळलं आणि मला शेजारच्या खोलीत राहून कळलं नाही. शिडी धरायला गेलो.

चार पॅनेलं जिन्यातून वर नेणं म्हणजे चार मोठी कपाटं काचेची असल्यासारखी नेणं. वळणावर जाऊ पाठीमागे चालत, फक्त “डावं, डावं, बास” एवढंच बोलत. एक ओरखडा भिंतीला नाही. कठड्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पाय रोवले, प्रत्येक नट आवळून झाल्यावर त्यावर रंगाचा एक ठिपका. “उद्या ढिला झाला तर ठिपका सरकलेला दिसतो,” बाई म्हणाल्या. पाण्याच्या टाकीची सावली टाळायला चौथं जुनं पॅनेल उचलून दुसऱ्या टोकाला नेलं. माझ्या खडूच्या रेघा बघून जागा ठरवली. त्या रेघा कामाला आल्या, एवढं तरी.

दिवसभर मी फेरीवर गेलो नाही. अक्काचं यंत्र चालू आहे. दर अर्ध्या तासाने मी आत डोकावतो आणि ती दर वेळी म्हणते, “आहे, आहे.”

बॅटरी २९. अक्का ९१. हीच नोंद खरी.

शनिवार, १६

जोडणी. माझी समजूत अशी होती की वायर खोचली की झालं. बाईंनी नव्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली, मग त्यात बॅटरीची जात आणि तिला किती वेगाने भरायचं तो आकडा घातला. “दोन्हीकडून एकदम ओतलं तर हिला सोसायचं नाही. म्हणून आवर घालून ठेवते.” मग गच्चीवर जाऊन प्रत्येक पॅनेल वेगळं मोजलं. एक नवं इतरांपेक्षा किंचित कमी दाखवत होतं. मी म्हटलं असतं, चालेल. त्यांनी जोड उघडला, आतली पट्टी नीट दाबली गेली नव्हती, तोडून नवी केली. पुन्हा मोजलं. आम्ही तिघं वाट बघत होतो, पण बाईंना घाई म्हणून नव्हती. पुन्हा मोजलं तेव्हा बरोबर आलं.

साडेबाराला कळ ओढली. आवाज नाही, काही नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर शून्य, मग दोन, मग भराभर आकडे चढले. जुन्या पॅनेलांचं ऊन कलायला लागलं होतं आणि नव्यांचं सुरू होत होतं. मी आत पळत जाऊन अक्काला प्रत्येक आकडा सांगत होतो. चौथ्या वेळी ती म्हणाली, “अरे, मला दम लागतो आणि पळतोयस तू.”

चारला बॅटरी शंभर. यंत्र चालू, फ्रिज चालू, माझी मोटर चालू असताना!

बॅटरी सातला ९६. अक्का ९१. हात न चोळता.

गुरुवार, २१

तीन दिवस आभाळ गच्च. वीज काल दोन तास, आज नाही. आठही पॅनेलं मिळून एका चांगल्या दिवसाच्या पावभर देतात. बाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: “ढगाला माझ्याकडे औषध नाही. पण चारांचा पावभाग आणि आठांचा पावभाग, यात फरक आहे.” आहे. चारच असती तर मंगळवारीच सिलिंडर लागला असता.

दुपारी बॅटरी ३८. मी मोटर बंद केली आणि पाटावर मऊ फडकं, झाव्याची, म्हणजे पाय घासायच्या दगडाची, भुकटी आणि पाणी घेऊन बसलो. मोटर यायच्या आधी आम्ही हातानेच चकाकी आणायचो.

अक्का बघत होती. “माझ्यामुळे ना?”

“ढगामुळे.”

“मी तासभर बंद...”

“अक्का, ते बटण तुझ्या बाजूला आहे. मी काढून घेणार नाही, तू लहान नाहीस. पण तू ते बंद केलंस ना, तर मी ही मोटर विकून टाकेन. मग वाचवलेल्या विजेवर काय करायचं ते तू बघ.”

हे वाक्य मी आठवडाभर तयार करत होतो असं नाही, आपोआप आलं. तिने नळी कानामागे नीट केली. मग हात पुढे केला. “आण इकडे एक. नुसतं बघायचं म्हणजे...”

तिच्या हाताला सुताची सवय. बोट कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, ते सांगावं लागलं नाही. नाकात नळी, मांडीवर टॉवेल, हातात कुणाचीतरी वरची कवळी. “काय दात काढतोय मेला माझ्याकडे बघून,” म्हणाली आणि आम्ही दोघंही इतके हसलो की मला तिचं बोट तपासावं लागलं. ९२.

दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत पाच केल्या. मोटरपेक्षा चांगल्या झाल्या, हे डॉक्टरांना सांगायचं नाही.

शनिवार, २३

सकाळी दहाला ऊन. अकराला गच्चीवरून खाली यायला मन होईना.

बाई नटांचे ठिपके बघायला आल्या होत्या. वर असताना त्यांचा फोन सारखा वाजत होता, म्हणून त्यांनी तो खाली अक्काजवळ ठेवला. खाली आल्या तर अक्का त्यावर बोलत होती. बाई ओशाळल्या. अक्काने हातानेच त्यांना थांबवलं, बोलणं संपवलं आणि विचारलं, “किती घरं खोळंबलीत तुझी?”

“एकोणीस. नीट लिहिलेलीही नाहीत. शिडीवर असताना फोन येतो, मग विसरते. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधी जाणं होतं.”

“साठ बायकांची पाळी लावायचे मी,” अक्का म्हणाली. “दिवसभर मला काय उद्योग आहे? नाक तेवढं बांधलेलं आहे, तोंड मोकळंच आहे.”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, मला या घरात कोण विचारतं.

मला वाटलं, बाईंनी तिचं मन राखायला हो म्हटलं. लिहून ठेवतो, पुढे काय होतं बघू.

बुधवार, २७

मन राखायला नव्हतं. बाईंनी दुसरा फोनच आणून दिला आहे, फक्त कामाचा. अक्काने माझ्याकडून एक कोरी वही घेतली, त्यात पट्टीने रकाने आखले. बोलताना दोन वाक्यांनंतर थांबते, श्वास घेते. समोरच्याला वाटतं ती विचार करते आहे, आणि तो आणखी अदबीने बोलायला लागतो. तासभर फोन, अर्धा तास पडून राहणं, असं डॉक्टरांकडून तिने ठरवून घेतलं आहे.

पहिल्या रकान्यात नाव नाही, पत्ता नाही. घरात कुणाचं काय विजेवर अडलंय, ते.

रविवार, ३१

आज सुट्टी, पण फोनला सुट्टी नाही. मी चहा घेऊन तिच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच थबकलो.

“नाही साहेब, आपला नंबर सातवा होता, तो आता आठवा झालाय... हो, मीच केला... एक बाळंतीण आली आहे, बाळाला वाफेचं यंत्र लागतं, तिचा पहिला.” श्वास. “आपल्या घरी गार हवेचं मशीन चालत नाही, ते लिहून घेतलंय मी. गुरुवारी सकाळी माणसं येतील. आठला म्हणजे आठला... नाही, जास्त देऊ केलंत तरी गुरुवारच.” श्वास. “आणि त्या मुलींवर आवाज चढवायचा नाही. काही बोलायचं असलं तर माझ्याशी बोलायचं.”

पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला असावा. ती म्हणाली, “ठेवा मग,” आणि वहीत रेघ मारली.

चहा हातात तसाच. लहानपणी मी गिरणीच्या फाटकाबाहेर तिची वाट बघत उभा राहायचो. पाळी सुटली की ती बाहेर यायची, केसांवर कापूस, आणि माझ्याशी बोलायची तो आवाज घरचा असायचा, मऊ. आत ती साठ जणींशी कशी बोलते, ते फाटकाबाहेर कधी ऐकू आलं नाही. आज ऐकलं.

“उभा का राहिलास?” अक्का म्हणाली. “ठेव तो चहा, आणि जरा लवकर आवर. सूनबाईंची ती जाऊ येईल आत्ता पुढच्या आठवड्याचा कागद न्यायला.”

पॅनेलवाल्या बाई हिच्या सूनबाई कधीपासून झाल्या, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात फोन वाजला.